पोत्याला अर्धा किलो गूळ: कमी कार्बनच्या पेव्हर ब्लॉकचं एक प्रकरण

(कारखाना, गाव आणि माणसांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मी या कामात साहित्य-चाचणी सल्लागार होतो, आणि काही चुका माझ्याही आहेत.)

पार्श्वभूमी

पंचगंगेच्या खोऱ्यात, तीन बाजूंनी उसानं वेढलेला पेव्हर ब्लॉकचा एक छोटा कारखाना. मालकाला इथं अण्णा म्हणू. एक मिक्सर, दोन व्हायब्रेटर टेबलं, तीन हजार रबरी साचे आणि अकरा माणसं. मोठ्या कारखान्यांतल्या हायड्रॉलिक प्रेसला कोरडं मिश्रण चालतं. रबरी साच्याला मात्र वाहतं काँक्रीट लागतं, नाहीतर कोपरे भरत नाहीत आणि ब्लॉकला मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं पडतात. आज भरलेले साचे उद्या सकाळी सोडवायचे, धुवायचे, तेल लावून पुन्हा भरायचे. सगळा धंदा या २०-२२ तासांच्या फेऱ्यावर उभा.

या कारखान्याकडे एका शिक्षणसंस्थेच्या आवाराचं काम आलं. पायवाटा आणि दुचाकींचा तळ मिळून २,२०० चौरस मीटर, ६० मिमी जाडी, आयएस १५६५८ (पेव्हर ब्लॉकचं भारतीय मानक) प्रमाणे एम-३५, म्हणजे २८ दिवसांनी चौरस मिमीला ३५ न्यूटन ताकद. वास्तुविशारद बाईंची एक जादा अट होती: नेहमीच्या सिमेंटमध्ये किमान एक तृतीयांश कपात, आणि ती कागदोपत्री दाखवता आली पाहिजे.

ही अट कुठून आली ते थोडक्यात सांगतो. सिमेंटचा क्लिंकर (ज्याचे गोळे दळून सिमेंट होतं) बनवायला चुनखडी सुमारे १,४५० अंशांना भाजतात. इंधनाचा धूर वेगळाच, पण चुनखडी फुटतानाच तिच्या पोटातला कार्बन डायऑक्साइड सुटतो. एक टन शुद्ध चुनखडीतून ४४० किलो, आणि त्याला भट्टी कितीही स्वच्छ असली तरी इलाज नाही. म्हणून क्लिंकरच कमी वापरायचा. यातला सध्या सर्वाधिक चर्चेतला मार्ग म्हणजे एलसी-३: साधारण निम्मा क्लिंकर, ३० टक्के भाजलेली केओलिनयुक्त (चिनी मातीच्या जातीची) माती, १५ टक्के न भाजलेल्या चुनखडीची भुकटी आणि ५ टक्के जिप्सम. माती ७०० ते ८५० अंशांनाच भाजते, आणि भाजताना तिच्यातून निघते ती मुख्यतः पाण्याची वाफ. स्वित्झर्लंडमधलं लोझानचं तंत्रविद्यापीठ, क्युबातलं सांता क्लाराचं विद्यापीठ आणि आपल्याकडच्या दिल्ली व मद्रासच्या आयआयटी यांनी मिळून यावर बरीच वर्षं काम केलं. २०२३ मध्ये या सिमेंटसाठी आयएस १८१८९ हे भारतीय मानकही आलं.

अण्णांच्या डीलरकडे असं तयार सिमेंट नव्हतं. त्यांनी दुसरा रस्ता धरला. ५३ ग्रेडचं ओपीसी (साधं पोर्टलंड सिमेंट) ६० टक्के घेतलं आणि उरलेले ४० टक्के भाजलेली माती व चुनखडी यांचं दोनास एक मिश्रण. माती गुजरातेतून मागवली. स्थानिक वीटभट्टीची सुरखी (विटांची भुकटी) वापरावी असाही विचार झाला, पण भट्टीच्या मध्यातली वीट आणि कडेची वीट यांच्या भाजणीत एवढा फरक असतो की त्या वाटेला न जाणंच बरं होतं.

अडचण

भाजलेल्या मातीचे कण अतिशय बारीक आणि पापुद्र्यांसारखे असतात, त्यामुळे ती पाणी पिते. नेहमीच्या पाण्यात काँक्रीट घट्ट, चिकट झालं. फावड्याला लोंबकळायचं, पण साच्यात उतरायचं नाही. अण्णांकडे नेहमीच्या कामाचं पीसीई जातीचं सुपरप्लास्टिसायझर होतं (कमी पाण्यात काँक्रीट सैल करणारं; कारखान्यात त्याला नुसतं ‘केमिकल’ म्हणतात). ते घातलं की मिक्सरमध्ये काँक्रीट सुंदर वाहायचं आणि वीस मिनिटांत मेल्यासारखं व्हायचं. दोन गाड्या भरेपर्यंत तिसरी घट्ट. मग कामगारांनी तेच केलं जे अशा वेळी सगळेच करतात: पाण्याचा पाईप हातात घेतला. क्यूबचे (चाचणीच्या ठोकळ्यांचे) सात दिवसांचे आकडे आले तेव्हा अण्णांच्या लक्षात आलं की या ताकदीत काम पास होणार नाही.

इथं तात्या येतात. वय सत्तरीपुढचं, जुने गवंडी, आयुष्यभर वाडे आणि देवळं दुरुस्त केलेली. चहाला आले होते. त्यांनी सहज सांगितलं, की आम्ही गूळ आणि हिरडा भिजत घालायचो, माल लोण्यासारखा व्हायचा आणि नंतर दगडासारखा. अण्णांच्या चुलत्याचं गुऱ्हाळ कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर. त्यातून हे वनस्पतीजन्य, देशी, स्वस्त, आणि वास्तुविशारद बाईंना सांगायला झकास. दुसऱ्याच दिवशी पोत्याला अर्धा किलो या हिशेबानं आठ पोत्यांच्या मालात चार किलो गूळ विरघळवून घातला गेला. साडेसहाशे साचे भरले.

तिसऱ्या दिवशी मला फोन आला. “सर, साचंच सुटंनात. वरनं कडक वाटतंय, बोट लावलं की आत शिरा.”

पुढचं सगळं समजायला यामागचं रसायन पाहिलं पाहिजे.

तात्या खोटं बोलत नव्हते. साखर चुन्याशी जुळते, चुन्याची पाण्यातली विद्राव्यता कितीतरी वाढवते, माल मऊ आणि गवंड्याच्या हाताला आज्ञाधारक होतो. चुन्याचा माल घट्ट होतो तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे आणि सुरखीसोबतच्या संथ अभिक्रियेमुळे. त्याला घाई नसते, म्हणून साखरेनं झालेला उशीर तिथं खपून जातो. सिमेंटचं तसं नाही. क्लिंकरचा मुख्य घटक पाण्याशी मिळून जे स्फटिक-जेल बनवू लागतो, त्याच्याच वाढीच्या जागांवर साखरेचे रेणू चिकटून बसतात. सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के साखर सेटिंग (घट्ट होणं) सुमारे चार तास लांबवते, हा काँक्रीटच्या अभ्यासक्रमातला जुना आकडा आहे. म्हणजे ५० किलोच्या पोत्याला २५ ग्रॅम, पाचेक चमचे. अण्णांनी घातला अर्धा किलो. वीसपट.

दुसरी खोड अशी, की एवढ्या मोठ्या मात्रेत साखर उलटही वागते. मुख्य घटक झोपून राहतो, पण क्लिंकरमधला अ‍ॅल्युमिनेट जागाच राहतो आणि जिप्समला न जुमानता भराभर घट्ट होतो. म्हणून वरून कडक, आतून लगदा. एलसी-३ जातीच्या मिश्रणात बारीक मातीमुळे जिप्सम तसंही लवकर संपतं, त्यामुळे हा प्रकार जास्त ठळक दिसला.

कारखान्यात गेल्यावर मी तात्यांना मुद्दाम विचारलं, नेमकं काय सांगितलं होतंत? ते म्हणाले, “चुन्यात म्हटलो होतो की मी.” अण्णा तिथेच उभे होते. खाली मान घालून म्हणाले, “ते मी ऐकलंच न्हाई.”

पहिला निर्णय: भरलेल्या साच्यांचं काय?

अण्णांचा आग्रह होता की आठवडाभर थांबू, ओतलेला माल वाया का घालवायचा. ही आशा अगदीच वेडगळ नव्हती. साखरेनं थोडा उशीर झालेलं काँक्रीट पुढे घट्ट होतं, आणि कधी कधी त्याची अंतिम ताकद थोडी जास्तही भरते. पण हे थोड्या मात्रेपुरतं. एक टक्क्याला मी भरवसा देऊ शकत नव्हतो, आणि दरम्यान साडेसहाशे साचे अडकून पडणार होते. आम्ही लगदा काढून साचे पाण्याच्या फवाऱ्यानं धुतले. वीसेक ब्लॉक मात्र मुद्दाम तसेच ठेवले. ते तीन आठवड्यांनीही कोपऱ्यावर नखानं खरवडता येत होते. लगदा कंपाउंडच्या कोपऱ्यात टाकला, त्यावर मुंग्या आल्या. कामगारांना बरेच दिवस हसायला विषय मिळाला.

एक गोष्ट मी त्याच दिवशी करून घेतली: गूळ कालवलेलं पिंप बाहेर काढलं. आयएस ४५६ नुसार काँक्रीटच्या पाण्यात सेंद्रिय पदार्थ लिटरला २०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नकोत. तळाशी काकवी चिकटलेल्या पिंपातलं पाणी ही मर्यादा सहज ओलांडेल. ऊसपट्ट्यात मळीची किंवा काकवीची भांडी बांधकामाच्या पाण्याला वापरण्यामुळे बिघडलेली कामं याआधीही माझ्यासमोर आली आहेत.

समोरचे पर्याय

मग टेबलावर बसून पर्याय मांडले. काम सोडून देणं हा पर्याय होताच. अण्णांनी तो एका वाक्यात नाकारला, त्यांनी कामासाठी आधीच आगाऊ रक्कम घेतली होती.

माती-चुनखडीचं प्रमाण ४० वरून २५ टक्क्यांवर आणलं असतं, तर काँक्रीट बरंच सरळ झालं असतं, पण एक तृतीयांश कपातीची अट मोडली असती. नुसतं पीसीई वाढवणं शक्य होतं. एलसी-३ साठी पाणी कमी करण्यात त्याला तोड नाही, पण वीस मिनिटांत ते का मरतंय हे कळल्याशिवाय मात्रा वाढवणं म्हणजे भोक बुजवण्याआधी टाकी भरत राहणं.

वनस्पतीजन्य पर्याय चार होते. पहिला लिग्नोसल्फोनेट. लाकडापासून सल्फाइट पद्धतीनं कागदाचा लगदा करताना लिग्निन वेगळं होतं, त्याची ही तपकिरी भुकटी. काँक्रीटमध्ये ती १९३० च्या दशकापासून वापरात आहे, आणि नेहमीच्या मात्रेत पाणी पाच ते दहा टक्क्यांनी कमी करते. तिच्यात लाकडातली थोडी साखर राहिलेली असते, म्हणून सेटिंगही लांबतं. दुसरा सोडियम ग्लुकोनेट, ग्लुकोज आंबवून मिळणारा, शुद्ध आणि मोजता येणारा. मात्र तो मुळात सेटिंग लांबवणारा पदार्थ आहे, माल सैल करणं हे त्याचं मुख्य काम नव्हे. तिसरा पुन्हा गूळच, पण ग्रॅममध्ये. चौथा हिरडा, ज्याचं टॅनिन कणांना एकमेकांपासून दूर ठेवू शकतं. हिरडा जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात गोळा होतो आणि बाजारात सहज मिळतो.

इथं माझं एक मत नोंदवतो, कारण त्यावर वास्तुविशारद बाईंशी माझा वाद झाला. त्यांना पीसीई नको होतं, कारण ते पेट्रोरसायनांपासून बनतं. लिग्नोसल्फोनेट हवं होतं, कारण ते झाडापासून. कार्बनचा हिशेब मांडला तर हा मुद्दा टिकत नाही. घनमीटर काँक्रीटमध्ये आम्ही ४०० किलो बंधक (सिमेंट, माती आणि चुनखडी मिळून) वापरत होतो, त्यात १६० किलो ओपीसी कमी होत होतं. केमिकल कोणतंही असो, ते घनमीटरला किलो-दीड किलोच्या घरात. बचत होते ती क्लिंकर कमी केल्यानं. केमिकलचं काम एवढंच, की तो कमी क्लिंकर साच्यात व्यवस्थित उतरावा. तेव्हा निवड कामगिरीवर करू, उगमावर नको, असं मी म्हटलं. बाई पूर्ण पटल्या असं नाही, पण ‘निकाल बघून ठरवू’ यावर आल्या.

काय केलं

चाचण्या बारा दिवस चालल्या. त्यातले पहिले चार दिवस मी वाया घालवले. मी माती आणि केमिकल यांचीच जोडी तपासत राहिलो. प्रयोगशाळेत प्रमाणित वाळू वापरून केलेल्या नमुन्यांत पीसीई तासभर बरं टिकत होतं, आणि कारखान्यात वीस मिनिटांत संपत होतं. या दोन निरीक्षणांत फरक एकाच गोष्टीचा होता, वाळूचा, आणि ते माझ्या डोक्यात यायला पाचवा दिवस उजाडला.

कारखान्यात जवळच्या क्रशरची क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) येत होती, न धुतलेली. काचेच्या बरणीत वाळू आणि पाणी घालून हलवून ठेवली, तर सकाळी वर बोटभर तपकिरी-काळा थर. वाळूत फुगणारी माती किती हे सांगणाऱ्या मिथिलीन ब्लू चाचणीनं उरलेली शंका फिटली. आपला बेसाल्ट कुजला की त्यातून फुगणारी चिकणमाती बनते. काळ्या रानाला उन्हाळ्यात ज्या भेगा पडतात, त्या याच मातीच्या करामतीनं. खाणीत वरचा मुरूम नीट काढला नाही की ती क्रश सँडमध्ये येते. पीसीईचा रेणू फणीसारखा असतो. त्याचे लांब दाते या मातीच्या पापुद्र्यांमध्ये शिरून अडकतात आणि सिमेंटच्या वाट्याला काही उरत नाही. ज्या गुजराती मातीला आम्ही आठवडाभर दोष देत होतो, तिच्यात हे दुखणं फारसं नव्हतं, कारण भाजलेला केओलिन तसा फुगत नाही.

दुसरा निर्णय इथं घ्यावा लागला: वाळू बदलायची, की वाळूला सोसणारं केमिकल घ्यायचं? धुतलेली क्रश सँड चाळीस किलोमीटरवरून आणावी लागणार होती. लिग्नोसल्फोनेटला पीसीईसारखे लांब दाते नसतात, त्यामुळे फुगणाऱ्या मातीचा त्याला तेवढा त्रास होत नाही. अण्णांना अर्थातच फक्त केमिकल बदलायचं होतं. मी दोन्ही करायला सांगितलं. ती माती केमिकल खातेच, शिवाय पाणी खाते आणि वाळताना आकसते, त्यामुळे ब्लॉकच्या पृष्ठभागाचंही नुकसान होतं. शेवटी अर्धी धुतलेली, अर्धी जुनी वाळू यावर सौदा झाला. आदर्श नव्हता, पण मिथिलीन ब्लूचा आकडा पुरेसा खाली आला.

गुळाची चाचणीही केली, मुख्यतः तात्यांच्या शब्दाला न्याय द्यायचा म्हणून. विकॅट सुईवर (सेटिंग मोजायचं साधन) ०.०३ टक्क्यांना अंतिम सेटिंग तीनेक तासांनी लांबलं आणि लगदा थोडा सैल झाला. ०.०५ टक्क्यांना संध्याकाळी भरलेला नमुना मध्यरात्रीनंतरच घट्ट झाला. आम्ही गूळ निकालात काढला तो मात्र दुसऱ्याच कारणानं. दोन वेगवेगळ्या गुऱ्हाळांच्या ढेपा त्याच मात्रेत घातल्या, आणि सेटिंगमध्ये जवळजवळ दोन तासांचा फरक पडला. गुळात साखर किती, फुटलेली साखर किती, ओल किती, रस निवळायला भेंडीचं पाणी किती आणि चुना किती, हे गुऱ्हाळागणिक, कधी काहिलीगणिक बदलतं. खाणाऱ्याला ती चव वाटते. ज्याचे साचे सकाळी सातला सुटले पाहिजेत, त्याला ते परवडत नाही. शिवाय गुळाचं पाणी रात्रभर राहिलं की आंबतं. चुन्याच्या कामात ते मुद्दाम आंबवत असत, इथं मात्र मात्राच बदलून जाते.

हिरड्यावर फार वेळ घालवला नाही. काढा लोखंडी कढईत उकळला आणि तो शाईसारखा काळा झाला. टॅनिन आणि लोखंड मिळून शाई बनते ही आपल्याकडे फार जुनी माहिती, पण ती कढईत उतरल्यावरच आठवली. स्टीलच्या भांड्यातला काढा वापरून केलेला माल थोडा सुधारला, पण रंग डागाळला. पायवाटेवर ठिपक्यांचे ब्लॉक कोणी घेतले नसते.

ग्लुकोनेटचं मुख्य काम सेटिंग लांबवणं, म्हणून तो बाद. उरलं लिग्नोसल्फोनेट. बंधकाच्या ०.१५ टक्के मात्रेला पाणी-बंधक गुणोत्तर ०.४३ वर आलं, कामगारांच्या पाईपनं ते ०.५० च्या वर गेलं होतं. पण दोन गोष्टी बदलल्यावरच हे जमलं. एक म्हणजे केमिकल घालायची वेळ. सुरुवातीच्या पाण्यासोबत घातलं की बरंचसं अ‍ॅल्युमिनेटच्या पहिल्या झटक्यात शोषलं जातं. मिक्सर दोन मिनिटं फिरल्यावर, राखून ठेवलेल्या पाण्यातून घातलं की तेवढ्याच मात्रेत माल कितीतरी सैल राहतो. दुसरी गोष्ट जिप्सम. बंधकाच्या दोन टक्के जादा बारीक जिप्सम घातल्यावर मधूनच येणारा अकाली घट्टपणा थांबला. वर पीसीईची अगदी थोडी मात्रा ठेवली, वाळू धुतल्यामुळे आता ती काम करत होती. बाईंनी ते मान्य केलं.

तिसरा निर्णय सगळ्यात जड होता, आणि तो रसायनाचा नव्हता. या मिश्रणाची पहिल्या दिवसाची ताकद कमीच राहते. क्लिंकर कमी आहे, आणि लिग्नोसल्फोनेट सेटिंग लांबवतं. २२ तासांनी साचे सोडवले तर दहातल्या दोन ब्लॉकचे कोपरे तुटत होते. ३६ तासांनी एखादाच. म्हणजे एका दिवसाचा फेरा दोन दिवसांचा होणार होता. अण्णांसमोर तीन वाटा होत्या: साचे गरम ठेवायला वाफेची सोय, पहिल्या दिवसाची ताकद वाढवणारं आणखी एक केमिकल, किंवा जास्त साचे. वाफेनं कार्बनचा हिशेब बिघडला असता. आणखी एक केमिकल म्हणजे आणखी एक अनोळखी पाहुणा, आणि नुकत्याच झालेल्या प्रकारानंतर कोणाची तयारी नव्हती. अण्णांनी १,२०० साचे विकत घेतले आणि मुदतवाढ मागितली. रोज तीन हजारांऐवजी एकवीसशे ब्लॉक निघू लागले.

क्युरिंगवर मी अडून बसलो. जोड-सिमेंटला (सिमेंटमध्ये इतर भुकट्या मिसळलेल्या बंधकाला) आयएस ४५६ किमान दहा दिवस ओलावा सांगतं, साध्या ओपीसीला सात. भाजलेल्या मातीची अभिक्रिया पाण्याविना अर्धवट राहते. मार्च होता, दुपारी पाणी मारलं की तासात वाळायचं, म्हणून थप्प्यांवर ओली गोणपाटं आणि त्यावर प्लॅस्टिक.

निष्पत्ती

काम महिन्याच्या वर बारा दिवस लांबलं. २८ दिवसांच्या चाचण्यांत सगळे लॉट एम-३५ ला उतरले, सात दिवसांचे आकडेही अण्णांच्या जुन्या ओपीसी ब्लॉकच्या जवळपास होते. पहिल्या आठवड्यातला एक लॉट काठावर होता. त्याची नोंद पाहिली तर त्या दिवशी धुतलेली वाळू संपली होती आणि गडी ‘आजच्यापुरतं’ म्हणून जुन्या वाळूवर गेले होते.

कार्बनचा हिशेब ढोबळच मांडतो. ओपीसीच्या किलोमागे साधारण ०.८५ किलो आणि भाजलेल्या मातीच्या किलोमागे ०.३ किलो धरला, तर घनमीटरला सुमारे १०० किलोची बचत. एकूण १३२ घनमीटर, म्हणजे तेरा टनांच्या आसपास. त्यातून मातीची गुजरातेतून वाहतूक वजा केली तर टन-सव्वा टन जातो. बाईंनी ही वजाबाकी त्यांच्या अहवालात आपणहून दाखवली, बहुतेक जण तेवढं विसरतात.

न सुचलेली एक गोष्ट घडली. मातीतल्या लोहामुळे ब्लॉकवर फिकट गुलाबी झाक आली. अण्णा घाबरले, बिल अडेल म्हणून. संस्थेच्या लोकांना ती जांभ्यासारखी वाटली आणि आवडली. ही नशिबाची गोष्ट, नियोजनाची नव्हे. पुढच्या ग्राहकाला ती आवडेलच असं नाही, आणि आता अण्णा आधी नमुना दाखवतात.

आणि गूळ? त्याच आवारात एक जुनी दगडी विहीर होती, तिच्या कठड्याची दरजभरणी चुन्यात करायची होती. ते काम तात्यांनी पाहिलं. गूळ-हिरड्याचं पाणी मातीच्या रांजणात आठवडाभर भिजत होतं. चुना त्यांनी तीनदा मळून घेतला. मी फक्त बघत होतो.

वेगळं काय करता आलं असतं

अण्णांच्या बाजूनं पाहिलं तर एक पोतं, वीस साचे, एक रात्र, एवढी चाचणी गुळाचा सगळा प्रकार वाचवायला पुरेशी होती. आठ पोती भरण्याचं कारण उत्साह होतं, आणि उत्साहाचं कारण असं की कल्पना ‘आपली’ होती. मला वाटतं, पीसीईचा नवा डबा आला असता तर अण्णांनी आधी त्यावरची मात्रा वाचली असती. गूळ रोज खाण्यात असतो म्हणून त्याची भीती वाटली नाही. वनस्पतीजन्य केमिकलांबाबत ही गफलत मी सुशिक्षित अभियंत्यांकडूनही होताना पाहिली आहे: नैसर्गिक म्हणजे सौम्य, असं गृहीत धरलं जातं. वजनाच्या ०.०५ टक्क्याला सिमेंट झोपवणारी गोष्ट सौम्य नसते.

माझी चूक वाळूची. मी कारखान्यात पहिल्या दिवशी गेलो, तेव्हा क्रश सँडचा ढीग माझ्यासमोरच होता. मुठीत घेऊन दाबली असती तरी तळहाताला लागलेली माती बोलली असती. गूळ एवढा नाट्यमय निघाला की मूळ प्रश्न, वीस मिनिटांत माल का मरतो हा, गुळाच्या आधीचा होता हेच मी विसरलो. आता नव्या ठिकाणी गेलो की आधी बरणीत वाळू हलवून ठेवतो आणि मग चहा घेतो.

वास्तुविशारदांच्या करारात साचे सोडवायच्या वेळेचा विचार नव्हता. एक तृतीयांश सिमेंट-कपातीची अट घालताना त्याच ओळीत ‘त्यासाठी मुदत इतकी वाढेल’ असं लिहिलं असतं, तर अण्णांनी साच्यांचा खर्च दरात धरला असता. शेवटी तो त्यांच्या खिशातून गेला. संस्थेनं अर्धा भरून दिला तो सौजन्य म्हणून.

एका प्रश्नावर मात्र माझं आणि अण्णांचं अजून एकमत नाही. त्यांना वाटतं पीसीई पूर्ण काढून नुसत्या लिग्नोसल्फोनेटवर काम भागलं असतं, मात्रा ०.२५ पर्यंत नेऊन. पाण्याच्या बाबतीत ते खरं आहे. पण त्या मात्रेला हवेचे बुडबुडे वाढतात आणि साचे दोनाऐवजी तीन दिवस अडकतात. त्यांनी डिसेंबरात माझ्याशिवाय तसा प्रयोग केला. पहाटे थंडी बारा अंशांवर होती, साचे सुटायला ६० तास लागले. मग मात्रा ०.१० वर आणली, पीसीई थोडं वाढवलं, आणि फेरा पुन्हा दोन दिवसांवर आला. लिग्नोसल्फोनेटच्या प्रत्येक नव्या गोणीतून ते आता वाटीभर नमुना काढून तारीख घालून बरणीत ठेवतात, कारण मागची गोणी आणि नवी गोणी यांच्या रंगात उघड फरक होता. त्या बरण्यांच्या शेजारी दहा ग्रॅमचाही फरक दाखवणारा काटा आहे. तो चुलत्याच्या गुऱ्हाळातून आणलाय.